वजनाची अट

माझं वजन किती होतं, हे मी लिहिणार नाही. जन्मभर लोकांनी मला तेवढंच विचारलं, आणि ज्यांनी विचारलं नाही त्यांनी डोळ्यांनी मोजलं. वाचणाऱ्याला इतकं पुरे, की मी जाड होते. भरलेल्या अंगाची, खात्यापित्या घरची वगैरे नाही. जाड.

नवरा काटकुळा होता. कोलकात्यात मराठी माणसं मूठभर, ती गणपतीला, कोजागरीला आणि संक्रांतीला एकमेकांना भेटणार, त्यामुळे मंडळातले विनोदही मूठभर आणि वर्षानुवर्षं तेच. "यांची बेरीज करून दोनाने भागा, म्हणजे दोन माणसं धड होतील," असं बँकेतून निवृत्त झालेले एक काका दर गणपतीला म्हणायचे. "वहिनी, त्याच्या ताटातलं थोडं ठेवत जा हो त्याला," असं दुसरं कोणीतरी. मी हसायचे. जाड बाईला हसावं लागतं, नाहीतर ती वर आणि खडूसही ठरते. नवरा हसायचा नाही. तो माझ्या ताटात गुपचूप स्वतःचा मोदक सरकवायचा आणि काकांकडे बघत राहायचा.

आम्ही पुण्याहून इथे आलो ते त्याच्या नोकरीमुळे. त्याचं ऑफिस न्यू टाउनला, माझं एस्प्लनेडजवळ, आणि घर डमडमला. मूलबाळ नाही. ते का नाही याची चौकशी कधी झालीच नाही, कारण माझ्याकडे बघितलं की सगळ्यांना कारण दिसत होतं. माझा कान दुखायला लागला तेव्हा एका डॉक्टरांनी कानात बघण्याआधी मला वजन कमी करायला सांगितलं होतं. हे मी विनोद म्हणून सांगायचे. पण त्याला मात्र कोणी कधी काही सांगितलं नाही. त्याच्या ऑफिसात दरवर्षी तपासणीचं शिबिर भरायचं, आणि तो दंडाला पट्टा बांधून घ्यायच्या रांगेतून सटकून चहाला जायचा. "मला काय धाड भरलीय?" म्हणायचा. आम्हालाही ते पटत होतं. बारीक माणसाला बीपी असतं का कधी!

असतं. वर्षानुवर्षं होतं. ते कळलं तेव्हा त्याच्या दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या. पावसाळ्यात त्याचे घोटे सुजायला लागले, तर आम्ही बूट बदलले. मग सकाळी उलट्या सुरू झाल्या, म्हणून मी पाणी उकळून द्यायला लागले. शेवटी एक दिवस ऑफिसच्या जिन्यात त्याला दम लागला, तो बसला, आणि लोकांनी त्याला उचलून हॉस्पिटलात नेलं. पूजेचे मांडव उभे राहत होते तेव्हा त्याचं डायलिसिस सुरू झालेलं होतं. दुर्गापूजेचे ढाक, म्हणजे मोठे ढोल, वाजत असताना मी एका थंडगार खोलीत त्याच्या पायांवर शाल घालून बसले होते आणि त्याचं रक्त नळीतून बाहेर जाताना आणि परत येताना बघत होते.

डॉक्टरीणबाई बंगाली होत्या, माझ्याच वयाच्या, तुटक बोलणाऱ्या. किडनी बदलणं हा खरा उपाय, ती घरच्या कोणाची मिळाली तर उत्तम, असं त्यांनी सांगितलं. त्याला भावंडं नव्हती. सासूबाई साताऱ्याहून आल्या आणि "माझी घ्या, दोन्ही घ्या," म्हणून त्यांच्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या, पण त्यांचं वय आणि साखर बघून त्यांना नाही म्हटलं गेलं. राहिले मी. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला लख्ख दिसलं, कारण तेच माझ्याही मनात होतं. ही? हिची काय किडनी असणार?

मग माझ्या तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, हृदय, फुप्फुसं, साखर, पोटाचे फोटो, सगळं. एवढ्या वर्षांत मला आतून बघायची तसदी पहिल्यांदाच कोणीतरी घेत होतं. निकाल घ्यायला गेले तेव्हा मी घाबरून पर्स छातीशी धरली होती. डॉक्टरीणबाईंनी एकेक कागद उलटला, चष्मा काढला आणि त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "आपका किडनी तो फर्स्ट क्लास है. हार्ट भी. शुगर, प्रेशर, सब एकदम ठीक."

मला रडू आलं. खरं सांगते, लग्नातसुद्धा माझं कोणी एवढं कौतुक केलं नव्हतं. ज्या अंगाला मी आयुष्यभर दुपट्ट्याखाली झाकलं, फोटोत कोणाच्या तरी मागे उभं केलं, दुकानातल्या आरशात मान वळवून टाळलं, ते आत बिनतक्रार काम करत बसलं होतं. त्याने मला कधीही दगा दिला नव्हता. आणि ते नवऱ्याच्या अंगाशी जुळत होतं. माझ्या नवऱ्याला वाचवू शकणारी सगळ्या जगातली एकच वस्तू या जाड कमरेत, नीट जपून ठेवलेली होती.

"लेकिन वेट," त्या म्हणाल्या.

हॉस्पिटलचा नियम होता. एका मर्यादेपलीकडे वजन असलेल्या माणसाची किडनी ते काढत नव्हते. ऑपरेशनमध्ये धोका वाढतो, आणि पुढे एका किडनीवर जगणाऱ्या दात्यालाही जपावं लागतं. मी विचारलं, "मला आत्ता काय आजार आहे?" त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, काही नाही. मी विचारलं, "मग?" त्या म्हणाल्या, "मग कमी करा. मर्यादेखाली आलात की मी लगेच तारीख मागते." त्या चुकत नव्हत्या, हे मला आजही कबूल आहे. पण त्या खुर्चीत बसून मला कोणाचं तरी डोकं फोडावंसं वाटत होतं. तो जगणार की नाही, हे आता माझ्या वजनावर येऊन थांबलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात दोन आजारी माणसं असल्यासारखे दोन स्वयंपाक व्हायला लागले. त्याचं पाणी मोजून. मीठ नावाला. टोमॅटो बंद, केळं बंद, शहाळं बंद, सुकामेवा बंद, डाळ चमचाभर. बटाटा चिरून, भिजत घालून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून मग त्याची भाजी. आहार सांगणाऱ्या बंगाली मुलीने हे मला दोनदा समजावलं होतं. या भाज्यांमध्ये पोटॅशियम असतं, ते किडनी बाहेर टाकते, आणि किडनीच नसली की ते रक्तात साठून थेट हृदयाला धरतं. काय चालतं आणि काय नाही, याच्या तिच्या तक्त्यात मासे होते, पटोल म्हणजे परवल होतं, पुईशाकाची पालेभाजी होती, मोचा म्हणजे केळफूल होतं. बंगाली घरात जे जे शिजतं, ते सगळं होतं. मी तो फ्रिजला चिकटवला आणि सासूबाईंना मराठीत समजावून सांगितला. त्यांनी तो अक्षरशः पाळला. शेजारच्या बौदी, म्हणजे बंगाली वहिनी, प्रेमाने शहाळी घेऊन आल्या की सासूबाई दारातच त्यांच्या हातातून ती घ्यायच्या, मोडक्या हिंदीत आभार मानायच्या आणि खाली दरवानाला देऊन यायच्या.

माझा स्वयंपाक म्हणजे काकडी, ताक, उकडलेलं काहीबाही. मी सकाळी चालायचे, संध्याकाळी चालायचे, ऑफिसचे जिने चढायचे. केस गळायला लागले. मेट्रोतून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. एस्प्लनेडच्या फुटपाथवर एक म्हातारे गृहस्थ घरगुती वजनाचा काटा पुढ्यात मांडून बसतात. नाणं द्यायचं आणि उभं राहायचं. पूर्वी मी त्या बाजूने जायला नको म्हणून रस्ता ओलांडायचे. आता रोज संध्याकाळी चपला काढून त्यावर उभी राहायला लागले. लोक बघायचे. बघू देत. घरच्या काट्यावर माझा विश्वास उरला नव्हता, हॉस्पिटलच्या काट्याची वेळ यायला अवकाश असायचा, आणि मला तर रोज कळायला हवं होतं, की तो वाचण्यापासून अजून किती लांब आहे.

तो ते बघत होता. एकदा डायलिसिसहून आल्यावर पडल्या पडल्या म्हणाला, "मला तू अशी नको होतीस."

"कशी?"

"अशी बसलेल्या गालांची. घरात कोणी परकं आल्यासारखं वाटतं."

"किडनी घे, मग परत गाल आणते," मी म्हटलं. आम्ही दोघंही हसलो.

संक्रांतीचं हळदीकुंकू मंडळाच्या हॉलमध्ये झालं. मला जायचं नव्हतं, पण सासूबाईंना चार मराठी शब्द कानावर पडतील म्हणून गेलो. तोही आला, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, म्हणजे डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली शीर दिसू नये. त्याच्या आजाराबद्दल लोकांना मोघम माहीत होतं. मी आत पाऊल टाकलं आणि बायकांनी मला गराडा घातला.

"अगं बाई! ओळखूच आली नाहीस!"

"काय केलंस गं? कोणाकडे जातेस? मला नंबर दे हं त्यांचा."

"चेहरा कसा उजळलाय बघा."

चेहरा उजळला नव्हता, रक्त कमी झालं होतं. पण मला खोटं का सांगू, त्या क्षणी मला बरं वाटलं. ज्याची एवढी वर्षं वाट पाहिली ते कौतुक मिळालं, आणि ते गोड लागलं, आणि लगेच त्या गोड लागण्याची किळस आली. तेवढ्यात बँकेतले काका नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय रे, तू किती वाळलास! हिचं डाएट तुलाच लागू पडलं की काय?" हॉल हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिळगुळाचा डबा जमिनीवर ठेवला आणि काकांना म्हणाल्या, "त्याला बरं नाही. तुम्हाला दिसत नाही का?" काका ओशाळले. "नाही हो, तसा तो पहिल्यापासूनच..." म्हणत बाजूला झाले.

घरी येताना टॅक्सीत सासूबाई मला म्हणाल्या, "मीही तेच केलं ना गं इतकी वर्षं? तुला बोलले. त्याला नुसतं बघून बरं वाटायचं. माझं लेकरू सडसडीत, म्हणून अभिमान वाटायचा." त्यांचा हात माझ्या हातात होता तो तसाच राहू दिला.

महाशिवरात्रीच्या दिवशी माझी हॉस्पिटलात वजनाची वेळ होती. सासूबाईंचा उपास, माझी तर काय रोजच शिवरात्र. सकाळी निघताना तो म्हणाला, "आज मी पण करतो उपास. लहानपणापासून एकदाही चुकला नाही."

"तुला झेपेल का?"

"अगं, उपासाचं हलकं असतं. आणि तू महिनोन् महिने माझ्यासाठी उपाशी आहेस. एक दिवस मी राहिलो तर काय बिघडलं?"

मला ते आवडलं. हलकं असतं, हे मलाही खरंच वाटत होतं. आपल्या घरात उपासाचं खाणं हे जेवण धरतच नाहीत. ते पोटाला विश्रांती देणारं, आजाऱ्यालाही चालणारं असतं, असं मी जन्मापासून ऐकलेलं. मी फक्त एवढंच म्हटलं, "आई, केळं नको हं, खजूर नको, शहाळं नको." त्या म्हणाल्या, "माहितेय गं मला. तू जा."

हॉस्पिटलात काट्यावर उभी राहिले. नर्सने आकडा लिहिला, मी तो उलटा वाचला, आणि मग डॉक्टरीणबाईंनी तो बघून पहिल्यांदाच हसून मान हलवली. मी मर्यादेच्या खाली आले होते. "आजच कळवते प्रत्यारोपणाच्या समितीला. महिन्याच्या आत करू," त्या म्हणाल्या. बाहेर येऊन मी त्याला फोन केला. त्याने आईला हाक मारली, तिला सांगितलं, आणि मला तिचा रडण्याचा आवाज ऐकू आला. मग म्हणाला, "आज फार दिवसांनी पोटभर खाल्लं बघ. आईने रताळ्याचा कीस केलाय, लहानपणी करायची तसा. तुझ्यासाठी ठेवलाय, आज तरी खा." मी हो म्हटलं. येताना रिक्षात बसून मी सबंध रस्ताभर कीस खाण्याचाच विचार करत होते.

मी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. तो पलंगावर बसलेला. पायात जीव नसल्यासारखं वाटतंय म्हणाला. ओट्यावर झाकून ठेवलेलं माझं ताट होतं. रताळ्याचा कीस, बटाट्याचा कीस, भरपूर दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी. रताळं आणि बटाटा कच्चेच किसून तुपावर परतलेले. पाण्यात उकळायचे ते रोजच्या भाजीसाठी, फराळासाठी कोण उकळतं? रताळं त्या तक्त्यात नव्हतं. साबुदाणा नव्हता. दाण्याचं कूटही नव्हतं. तक्ता करणाऱ्या मुलीच्या घरी महाशिवरात्रीला असं काही शिजत नसणार. आणि दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं, म्हणजे त्याच्या रक्तात आधीचं सगळं साठलेलंच होतं.

ताटभर पोटॅशियम होतं, हे मला बघताच कळलं. मी ओरडले असेन, कारण बौदी धावत आल्या. आम्ही त्याला लिफ्टपर्यंत धरून नेलं. टॅक्सीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पूर्वी तो माझ्या मांडीला उशी म्हणायचा. आता हाडं लागत असतील. तो म्हणाला, "तू खाल्लंस का?" मी म्हटलं, हो. हे मी त्याच्याशी शेवटचं बोलले. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत त्याचं हृदय थांबलं होतं. त्यांनी बराच वेळ प्रयत्न केले. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि माझ्याजवळ बाकावर बसून राहिल्या.

सासूबाईंना खरं कारण सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण त्यांना ते माझ्या ओरडण्यातूनच कळलेलं होतं. दिवसवार झाल्यावर एका दुपारी त्या म्हणाल्या, "तो इतका वाळलेला. मला वाटलं, आज जरा अंगी लागेल." मी म्हटलं, "मी घरी असते तरी नको म्हटलं नसतं." ते खरंच होतं, त्यांच्या समाधानासाठी मी ते म्हटलं नाही. त्यांना पटलं की नाही, ठाऊक नाही. त्या साताऱ्याला परत गेल्या नाहीत. अजून माझ्याकडेच असतात. त्यांनी महाशिवरात्र सोडली, रताळ्याला हात लावत नाहीत, बाजारात त्या टोपलीवरून नजर फिरवून पुढे जातात.

भेटायला मंडळातल्या बायका आल्या होत्या. त्यातल्या एकीने मला मिठी मारली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "किती बारीक झालीस गं." तिने ते वाईट वाटून म्हटलं की सवयीने, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. त्या गेल्यावर सासूबाईंनी भात लावला, वरण केलं, दोन ताटं वाढली, माझ्या भातावर तुपाची धार सोडली ती थांबवलीच नाही. म्हणाल्या, "जेव." एवढ्या वर्षांत त्यांनी मला असं पहिल्यांदाच वाढलं. मी जेवले. रडत जेवले, पण जेवले.

वर्षभरात अंग परत आलं. गाल आले, कंबर आली, मांड्या आल्या. आता ज्याला ते हवे होते तो नव्हता, तरी आले. मी एस्प्लनेडच्या त्या काट्याजवळून रोज जाते. रस्ता ओलांडत नाही आणि थांबतही नाही.

यंदा संक्रांतीला मंडळाने तिळगुळाला बोलावलं. मी गेले, गडद रंगाची, अंगाला नीट बसणारी साडी नेसून. ज्या बाईने मागे माझ्या डॉक्टरांचा नंबर मागितला होता, तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, तिळाची वडी हातावर ठेवली आणि हळूच म्हणाली, "परत होतीस तशीच झालीस गं. एवढं कमावलेलं घालवलंस. तब्येतीची काळजी घे बाई, आता तुला कोण आहे?"

मी वडी तोंडात टाकली, सावकाश खाल्ली. मग म्हटलं, "माझी तब्येत उत्तम आहे. दोन्ही किडन्या माझ्याकडेच आहेत."